मोकळी जागा आणि ठरलेली मुदत : फॅशनच्या दुकानांची अंतर्रचना

कपड्यांच्या दुकानाची अंतर्रचना म्हटली की रंग, दिवे, आरसे, लाकूडकाम आणि पुतळे एवढेच सहसा डोळ्यांसमोर येते. या शाखेत ज्यांनी खरोखर नवे काही केले त्यांच्या कामाकडे बारकाईने पाहिले, तर मात्र त्यांनी सजावटीच्या आधी दोन प्रश्न सोडवलेले दिसतात : दुकानातील किती जागा मालाविना मोकळी ठेवायची हा पहिला, आणि उभी केलेली रचना किती काळ ठेवायची हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर कपडा कसा दिसेल हे ठरते. दुसऱ्याच्या उत्तरावर गिऱ्हाईक आजच येईल की सवडीने कधीतरी, हे ठरते. गेल्या पन्नास वर्षांत हे दोन्ही प्रश्न ज्या धीटपणे जपानी रचनाकारांनी, आणि त्यांतही विशेषतः रेइ कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ या संस्थेने हाताळले, तसे इतरत्र फार थोड्यांनी हाताळले. म्हणून या विषयाचा विचार त्या दुकानांना मध्यभागी ठेवून करणे सोयीचे ठरते.

त्याआधीच्या सव्वाशे वर्षांचा रिवाज नेमका उलटा होता. पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या दुकानात आरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये भागीदार झाले आणि ठरलेली किंमत, खरेदी न करताही आत फिरण्याची मुभा व माल परत करण्याची सोय या गोष्टी तेथे रुळल्या. गिऱ्हाइकाला मोकळे फिरू द्यायचे ठरल्यावर माल कपाटांतून बाहेर काढून त्याच्यासमोर रचणे भागच होते, आणि लोखंडी सांगाडा व काचेचे छत असलेल्या नव्या इमारतीमुळे दिवसाचा उजेड थेट खालपर्यंत येऊ लागल्यावर रेशीम, लेस आणि हातमोज्यांच्या राशी हीच सजावट झाली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९०९ मध्ये उघडलेल्या सेल्फ्रिजेसने दर्शनी काचा दुकान बंद झाल्यावरही रात्री उजळत ठेवल्या आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही प्रेक्षक करून घेतले. या सर्व व्यवस्थेमागचे गृहीत एकच होते : माल जितका भरगच्च दिसेल तितका मोह वाढेल.

कावाकुबो यांनी हे गृहीत मोडले. १९४२ मध्ये टोकियोत जन्मलेल्या कावाकुबो केओ विद्यापीठात कला आणि साहित्य शिकल्या; वस्त्ररचनेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांनी १९६९ मध्ये कॉम दे गार्सों या नावाने कपडे करायला सुरुवात केली, १९७३ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १९७५ मध्ये टोकियोच्या आओयामा भागात पहिले दुकान उघडले. त्या दुकानात आरसे नव्हते, कारण कपडा अंगावर कसा वाटतो यावर बाईने तो निवडावा, कसा दिसतो यावर नव्हे, अशी त्यांची धारणा होती, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार नोंदले गेले आहे. पुढे अंतर्रचनाकार ताकाओ कावासाकी यांच्या साथीने त्यांनी जी दुकाने उभी केली त्यांत उघडे काँक्रीट, रंग न दिलेल्या भिंती आणि घड्या घालून ठेवलेले मोजकेच कपडे असत. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात उघडलेले दुकान पाहून अनेकांना माल अजून यायचा आहे की काय, असा प्रश्न पडावा इतके ते रिते होते.

या रितेपणाचा अर्थ दोन पातळ्यांवर लावावा लागतो. पहिली पातळी निव्वळ हिशेबाची आहे. दुकानाचे भाडे चौरस फुटावर मोजले जाते आणि विक्रीही दर चौरस फुटाला किती झाली यावर जोखली जाते. अशा व्यवहारात मोकळी सोडलेली जमीन हा उघड दिसणारा खर्च असतो, आणि ज्याला तो परवडतो त्याचा मालही तितकाच मोलाचा असणार, हे गिऱ्हाइकाला न सांगता कळते. दुसरी पातळी कपड्याची आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. १९८२ च्या सुमारास कावाकुबो यांनी मुद्दाम भोके पाडलेले स्वेटर, एका बाजूला झुकलेले अंगरखे आणि काळ्या रंगाच्याच अनेक छटांतले कपडे सादर केले. असे कपडे दांडीवर इतर तीसचाळीस कपड्यांत दाटीने टांगले तर ते काय आहेत हेही समजणार नाही. त्यांचा घाट, म्हणजे कपड्याची बाह्य आकृती, दिसण्यासाठी भोवती हात-दोन हात मोकळीक लागतेच. तेव्हा तेथील रिकामी जागा हा कपड्याच्या रचनेचाच पुढचा भाग होता. हे ध्यानात न घेता पुढच्या काळात जगभर जी पांढरी, रिकामी दुकाने निघाली, त्यांतील बऱ्याच ठिकाणी साधा सदरा देव्हाऱ्यातल्या मूर्तीच्या थाटात मांडलेला दिसतो आणि त्या थाटाने त्याचा सामान्यपणाच उघडा पडतो.

मोकळ्या जागेचा दुसरा जपानी उपासक म्हणजे शिरो कुरामाता (१९३४–१९९१). त्यांनी आधी टोकियोच्या गिन्झा भागातील एका मोठ्या दुकानात मांडणीकार म्हणून काम केले आणि १९६५ मध्ये स्वतःचे कार्यालय काढले. वस्त्ररचनाकार इस्से मियाके यांच्या दुकानांसाठी त्यांनी जे साहित्य वापरले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. एका कामात त्यांनी सिमेंटच्या मिश्रणात रंगीत काचांचे तुकडे मिसळून ‘स्टार पीस’ नावाची लादी घडवली. तिची कुळी आपल्याकडच्या जुन्या मोझेक फरशीचीच आहे, पण संगमरवराच्या चुरीऐवजी काच आल्याने जमीन चमचमते. १९८७ मध्ये शिबुया येथील पुरुषांच्या दुकानात त्यांनी पोलादी जाळी वाकवून अख्खी कमान केली. ही जाळी पत्र्याला चिरा पाडून तो ताणला की तयार होते, कुंपणाला आणि गिलाव्याला वापरली जाते आणि स्वस्त असते. परंतु दिवा तिच्यामागे ठेवला की भिंत आहे आणि नाहीही, असा भास निर्माण होतो. महाग साहित्याने श्रीमंती आणण्यापेक्षा स्वस्त साहित्याकडून अनपेक्षित काम करून घेणे हे कुरामातांचे खरे कौशल्य होते.

विपुलतेची जुनी परंपरा यामुळे संपली असे नाही. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ १९१३ च्या सुमाराच्या जुन्या बँकेच्या इमारतीत वस्त्ररचनाकार सब्यसाची मुखर्जी यांनी २०२३ मध्ये उघडलेले दुकान झुंबरे, गालिचे, पुस्तके आणि चित्रे यांनी काठोकाठ भरलेले आहे. मात्र हा भरगच्चपणा बों मार्शेच्या भरगच्चपणाहून वेगळा आहे : येथे गर्दी विक्रीच्या मालाची नसून परिसराची आहे, आणि लग्नाचा लेहंगा ज्या घराण्याच्या दिवाणखान्यात शोभेल तो दिवाणखानाच गिऱ्हाइकाभोवती उभा केलेला आहे.

महाराष्ट्रातील साडीच्या जुन्या दुकानांनी मोकळ्या जागेचा प्रश्न फार पूर्वी आणि फार साध्या रीतीने सोडवला होता, याची दखल अंतर्रचनेच्या पुस्तकांत क्वचितच घेतली जाते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादर-गिरगावात ज्या दुकानांत अजून गादी आहे तेथे पाहिले तर माल सगळा मागच्या कपाटांत घडीबंद असतो आणि पांढऱ्या चादरीने मढवलेली गादी गिऱ्हाईक येईपर्यंत रिकामी असते. साडी मागितली की विक्रेता मांडी न मोडता ती हवेत उलगडतो. पैठणी असेल तर आधी पदर, मग काठ, मग अंगभरचे बुट्टे, असा क्रमही ठरलेला असतो. पांढऱ्या पृष्ठभागामुळे रंग शुद्ध दिसतो, पुतळ्याची गरज विक्रेत्याचा खांदा भागवतो, आणि तासाभराने गादीवर साचलेला ढीग गिऱ्हाइकाच्या मनावर संकोचाचे जे ओझे टाकतो तेही विक्रीच्या कामी येते. स्वतः हाताळून निवडण्याची पद्धत आल्यावर गाद्या निघाल्या, दांड्या आणि कप्पे आले, आणि त्याबरोबर एक उत्तम रिकामी जागाही गेली.

याच दुकानांतील आणखी एक रीत म्हणजे साडी दारापर्यंत नेऊन उजेडात पाहणे. तिच्यामागे पक्के शास्त्र आहे. कोणताही दिवा वस्तूचा रंग किती खरा दाखवतो हे मोजण्यासाठी रंगदर्शकता निर्देशांक वापरतात. त्याची कमाल किंमत १०० असून कपड्यांच्या दुकानात तो ९० किंवा अधिक असावा असे मानले जाते, तर जुन्या साध्या ट्यूबलाइटचा निर्देशांक याहून बराच कमी असे. दुसरे माप रंगतापमानाचे, जे केल्विनमध्ये सांगतात : २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर आणि उबदार, ४००० चा पांढरा, तर दुपारच्या उजेडाचे माप ५००० च्या वर जाते. याशिवाय दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका उजेडात तंतोतंत सारखी आणि दुसऱ्या उजेडात स्पष्ट वेगळी दिसू शकतात; मॅचिंग सेंटरमध्ये जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर साडीशी भांडू लागतो तो यामुळेच. म्हणून कुशल रचनाकार सगळ्या दुकानात एकसारखा लख्ख उजेड पसरत नाही. तो सर्वसाधारण उजेड मंद ठेवतो, निवडक कपड्यांवर त्याच्या तीन ते पाच पट उजेड टाकतो आणि गिऱ्हाइकाला रंग पारखण्यासाठी एखादी जागा खिडकीजवळ राखतो.

उजेडाची सर्वांत मोठी हेळसांड मात्र ट्रायल रूममध्ये होते. खरेदीचा निर्णय बहुतेक वेळा तेथेच होतो, आणि तरीही ती कोपऱ्यात उरलेल्या जागेत, डोक्यावर एकच दिवा लावून उरकलेली असते. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, माणूस थकलेला दिसतो आणि दोष कपड्यावर जातो. आरशाच्या दोन्ही बाजूंनी चेहऱ्याच्या उंचीवर पसरट उजेड दिला, तीन खुंट्या लावल्या आणि बसायला एक स्टूल ठेवले तर दर्शनी भागावरच्या पुष्कळ खर्चापेक्षा अधिक उपयोग होतो.

गिऱ्हाईक दुकानात कसे चालते याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत पॅको अंडरहिल यांनी केला. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्त्यावरून आत येणाऱ्याची चाल मंदावायला आणि डोळे आतल्या उजेडाला सरावायला काही पावले लागतात, आणि त्या पावलांच्या टापूत ठेवलेला माल व फलक त्याच्या लक्षातच येत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण आता सर्वमान्य आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात कॉम दे गार्सोंचे जे दुकान उघडले, त्याने या संक्रमणाच्या टापूचीच वास्तू केली. विटांच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग आणि त्यावरचा मोटारदुरुस्तीच्या व्यवसायाचा जुना फलकही तसाच ठेवला, आणि आत शिरण्यासाठी लंडनच्या फ्यूचर सिस्टिम्स या वास्तुसंस्थेने ॲल्युमिनियमचा वळणदार बोगदा दिला, जो इंग्लंडमध्ये नौका बांधणाऱ्यांकडून घडवून घेतला होता. बोगद्यात विकायला काहीही नव्हते. रस्त्याचा गोंगाट विसरायला लावणे एवढेच त्याचे काम होते.

न्यूयॉर्कच्याच सोहो भागात डिसेंबर २००१ मध्ये वास्तुकार रेम कूल्हास यांनी प्राडा या फॅशन संस्थेसाठी केलेले दुकान याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याला सुमारे चार कोटी डॉलर लागल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. झेब्रावूड या पट्टेदार लाकडाची जमीन लाटेसारखी तळघरात उतरते आणि समोर पुन्हा चढते. उतारावरच्या पायऱ्या एरवी जोडे मांडायला आणि कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षकांना बसायला उपयोगी पडतात, तर समोरच्या चढातून रंगमंच उलगडतो. कपडे बदलण्याच्या खोल्यांना कळ दाबताच पारदर्शकाची अपारदर्शक होणारी काच होती आणि मालाला ओळख पटवणाऱ्या चकत्या होत्या. ही यंत्रे लवकरच शिळी झाली. लाकडाची लाट मात्र शिळी झाली नाही. दुकानात पैसा कोठे घालावा याविषयी यापेक्षा स्पष्ट धडा क्वचितच मिळतो.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ठराविक काळापुरते उघडणारे दुकान, ज्याला आता सर्वत्र ‘पॉप-अप’ म्हणतात, त्याला विचाराचे अधिष्ठान दिले ते २००४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या कॉम दे गार्सोंच्या ‘गनिमी दुकाना’ने. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते थाटले होते आणि त्याचे नियम लेखी होते : दुकान एका वर्षाहून अधिक चालणार नाही, जागेच्या मूळ रूपाला शक्यतो हात लावायचा नाही, जागा प्रस्थापित बाजारपेठेपासून दूर, पण स्वतःचे काही वातावरण असलेली निवडायची, नव्याबरोबर मागच्या हंगामांचा मालही ठेवायचा, आणि भाड्याची जबाबदारी स्थानिक भागीदाराने घ्यायची, मालाची कंपनीने. विशेष म्हणजे दुकान नफ्यात असले तरी मुदतीनंतर ते बंद होणारच होते. अंतर्रचनेच्या दृष्टीने यातील दुसरा नियम क्रांतिकारक ठरला, कारण वर्षभरात मोडायच्या रचनेवर खर्च करणे व्यर्थ म्हटल्यावर जुने कप्पे, उखडलेला रंग आणि आधीच्या व्यवसायाच्या खुणा हेच सजावटीचे साहित्य झाले. पुढच्या काही वर्षांत युरोपातील आणि आशियातील अनेक शहरांत अशी दुकाने निघाली आणि ठरल्याप्रमाणे मिटलीही.

मुदत खरी नसेल तर नुसती युक्ती उरते. लंडनच्या शोरडिच भागात २०११ मध्ये मालवाहू कंटेनर रचून उभारलेला ‘बॉक्सपार्क’ हा बाजार पाच वर्षांसाठी म्हणून सुरू झाला आणि त्यानंतरही चालूच राहिला. कंटेनरच्या आकाराचा एक अडसरही येथे सांगण्यासारखा आहे. त्याची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर भरते. टांगलेल्या कपड्यांच्या दांडीला भिंतीपासून साठ सेंटिमीटर लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दांड्या लावल्या तर मध्ये जेमतेम सव्वा मीटरही वाट उरत नाही आणि दोन माणसांना एकमेकांना चुकवतच जावे लागते. एका बाजूला दांडी आणि दुसऱ्या बाजूला आरसा ही रचना तेथे जवळजवळ अपरिहार्य होते.

तात्पुरत्या दुकानाची कसोटी ते किती सहज मोडता येते यावर असते. वास्तुकार शिगेरू बान यांनी १९९४ मध्ये इस्से मियाके यांच्या संस्थेसाठी टोकियोत कागदी नळ्यांचे खांब असलेले दालन बांधले. कापडाचे ठाण ज्यावर गुंडाळतात तशाच जातीच्या या नळ्या हलक्या, स्वस्त आणि पुन्हा लगदा करण्याजोग्या असतात, आणि पुढे बान यांनी कोबेच्या व भूजच्या भूकंपांनंतर त्यांतून निवारेही उभे केले. महाराष्ट्रातील मांडववाल्यांना हे तत्त्व नवे नाही : वासे, बांबू, सुतळी आणि कापड यांतून चार दिवसांत उभा राहणारा आणि एका रात्रीत उतरणारा गणपतीचा मांडव हा खिळे कमीत कमी वापरून बांधलेला असतो, म्हणूनच त्याचे सामान वर्षानुवर्षे टिकते. पॉप-अपसाठी खिळे ठोकून केलेले आणि शेवटी कचऱ्यात जाणारे प्लायवूडचे फर्निचर पाहिले की मांडववाल्याला आधी बोलावले असते तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. अर्थात कापड, कागद आणि तात्पुरत्या विजेच्या तारा एकत्र आल्या की आगीचा धोका वाढतो. त्यामुळे आगरोधक प्रक्रिया केलेले कापड आणि मोकळा ठेवलेला दुसरा दरवाजा यांत काटकसर करता येत नाही.

मंगल कार्यालयांत भरणारी ‘प्रदर्शन आणि विक्री’ ही मराठी शहरांची जुनीच मुदतबंद दुकाने होत. ‘फक्त तीन दिवस’ हा फलक गनिमी दुकानांच्या कितीतरी आधीपासून लागत आला आहे. पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या मोठ्या उपक्रमांनी ही पद्धत ग्रामीण कारागिरांपर्यंत नेली. उणीव राहते ती मांडणीत. झालर लावलेले टेबल स्टॉलच्या तोंडाशी आडवे घातले जाते, त्यामागे विक्रेती अडकते आणि पुढे गिऱ्हाईक वाटेतच थबकते. तेच टेबल बाजूच्या कडेला लावून गिऱ्हाइकाला आत येऊ दिले, समोरच्या भिंतीवर दहा साड्यांऐवजी दोनच पूर्ण उलगडून लावल्या आणि बाकी घडीबंद ठेवल्या, तर जागा तेवढीच राहून दुकान दुप्पट मोठे वाटते.

मोकळी जागा आणि मुदत या दोहोंची सांगड कावाकुबो व त्यांचे पती एड्रियन जॉफी यांनी २००४ मध्येच लंडनमध्ये उघडलेल्या ‘डोव्हर स्ट्रीट मार्केट’मध्ये घातली. नाव बाजाराचे, आणि आदर्शही २००० मध्ये बंद पडलेल्या लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटचा. आत पन्हाळी पत्र्याची खोपटी, त्यांतच गल्ला, आणि अनेक रचनाकारांना स्वतःची जागा हवी तशी सजवण्याची मोकळीक. हे दुकान कायमचे असले तरी त्यातील मांडणी कायमची नाही : वर्षातून दोनदा, नव्या हंगामाच्या तोंडावर, ते काही दिवस बंद ठेवून अनेक कोपरे नव्याने रचले जातात, आणि या प्रथेला तेथे ‘ताचिआगारी’, म्हणजे प्रारंभ किंवा उभारणी, असे जपानी नाव आहे. २०१२ मध्ये गिन्झात आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हीच पद्धत गेली. पॉप-अपचे सगळे फायदे आणि भाडेकराराचे स्थैर्य एकाच छताखाली आणणारा याहून चांगला तोडगा अद्याप निघालेला दिसत नाही.

या सगळ्याची किंमत एवढीच की असे काम मागे उरत नाही. कुरामातांनी रचलेली जवळजवळ सर्व दुकाने पाडली गेली आहेत. त्यांचा ‘कियोतोमो’ हा १९८८ चा सुशी बार वाचला तो हाँगकाँगच्या ‘एम प्लस’ संग्रहालयाने तो सबंध उचलून नेऊन पुन्हा जोडला म्हणून. लक्ष्मी रस्त्यावरील आणि गिरगावातील गाद्यांसाठी असे कोणी संग्रहालय पुढे येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. अंतर्रचना शिकवणाऱ्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना मोजपट्टी आणि कॅमेरा देऊन या दुकानांत पाठवावे, गादीची उंची, कपाटांची खोली, दारापासूनचे अंतर आणि उजेडाची दिशा टिपून त्यांचे आराखडे काढून ठेवावेत, आणि हे काम उरलेल्या गाद्या निघण्यापूर्वी करावे.